दोनशे वर्षांतून एक बाळ

पावसाळा सरला की आमच्याकडे तालुक्याच्या एसटी स्टँडवर मोफत मोतीबिंदू शिबिराचे फलक लागतात. ठरल्या दिवशी गाडी भरून आजी-आजोबा जातात आणि दोन-तीन दिवसांनी काळे गॉगल लावून परत येतात. तिठ्यावर उतरताना त्यांना बघून पोरं ‘हिरो इलो, हिरो इलो’ करून ओरडतात. मोतीबिंदू म्हटला की कोकणातल्या माणसाला हे आठवतं. पाळण्यातलं बाळ त्यात कुठेच नसतं.

त्यामुळे काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एका आजीनं शंका काढली तेव्हा तिला सगळ्यांनी वेड्यात काढलं. पाय पसरून, नातवाला पायांवर घेऊन ती रोज तेल लावायची. मूल दोन महिन्यांचं. ती म्हणाली, ‘‘ह्यो माझ्या तोंडाकडे बघना नाय. बांगड्यो वाजल्यो की मात्र मान वळवता.’’ बाळाच्या बाहुलीत नीट पाहिलं तर दुधाचा थेंब सांडल्यासारखं काहीतरी दिसत होतं. कोणी म्हणालं, काजळ गेलं असेल. कोणी म्हणालं, फूल पडलंय, आपोआप जाईल. मोतीबिंदू हा शब्द एका जाणत्या माणसानं काढला, तर त्यालाच उलट विचारणा झाली: ‘‘तो म्हाताऱ्यांका होता, ह्या पोराक खंयसून?’’

पुढची गोष्ट कोकणातल्या कुठल्याही घरात घडेल अशीच. पहिलं बाळंतपण माहेरी, निर्णय सासरचा आणि पैसे मुंबईत. कौल लावून झाला. कौल लावण्याला माझा काही आक्षेप नाही, त्याला एक सकाळ लागते. पण बाळाचे वडील गणपतीला यायचे होते आणि ‘तो इलो की ठरवया’ यात दोन महिने गेले. मधल्या काळात एका दवाखान्यात दाखवलं होतं. तिथे सांगितलं, बाळ फार लहान आहे, वर्षाचं होऊ दे, मग बघू. अखेर ऑपरेशन झालं तेव्हा मूल पाच महिन्यांचं होऊन गेलं होतं. आज ते शाळेत जातं. जाड भिंगांचा चष्मा लावतं, पुस्तक नाकाला टेकवून वाचतं आणि त्याची बुबुळं एका जागी ठरत नाहीत, सतत थरथरत असतात. ऑपरेशन उत्तम झालं होतं, असं पुढे पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं सांगितलं. उशीर झाला होता, हेही प्रत्येकानं सांगितलं.

हा प्रसंग मी कोणाला सांगितला की हमखास एक प्रश्न येतो. असं कितीशा बाळांना होतं? प्रश्न रास्त आहे. मात्र विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच असतं: फार थोड्यांना, म्हणजे आपण काळजी करायचं कारण नाही. माझा वाद या ‘म्हणजे’शी आहे.

आकडा खरंच छोटा आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर दर १०,००० जन्मांमागे साधारण ४ बाळांना जन्मजात मोतीबिंदू असतो. ब्रिटनमध्ये सगळ्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा वर्षाच्या आत निदान झालेली मुलं दर १०,००० मागे अडीच आणि पंधरा वर्षांपर्यंतची धरली तर साडेतीन भरली. गरीब देशांत हे प्रमाण जास्त धरतात. यातल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं; त्या भिंगाच्या कडेला बारीक ठिपका असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. मधोमध दाट पडदा असेल तर मात्र सुटका नाही.

आता हे आकडे आपल्या अंगणात आणून बघू. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. दोन्ही मिळून पंचवीस लाखांना थोडी कमी. आपल्याकडे तरुण माणसं मुंबईला, त्यामुळे जन्मदर कमीच. हजारी १२ धरू. म्हणजे वर्षाला साडेएकोणतीस हजारांच्या आसपास बाळं. दर दहा हजारांत चार धरली तर दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला बारा. हे माझं पाटीवरचं गणित आहे, सरकारी आकडा नव्हे. दोन इकडे, दोन तिकडे होतील. पण महिन्याला एक बाळ, एवढा अंदाज बांधायला हरकत नाही. पंधरा वर्षांत अशी दीडशेच्या वर मुलं. एवढ्या पटाच्या शाळा आता आपल्या कितीशा गावांत उरल्यात?

हेच गणित उलट्या बाजूनं मांडलं की खरी गोम कळते. एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३०,००० वस्ती असते, डोंगराळ भागात २०,०००. तीस हजार वस्तीत वर्षाला ३६० जन्म, म्हणजे असं बाळ सात वर्षांतून एक. तिथला डॉक्टर तेवढ्यात दोनदा बदलून जातो. आशाताईकडे तर हजारभरच वस्ती. वर्षाला बारा बाळं. तिच्या वाट्याला जन्मजात मोतीबिंदूचं बाळ यायला दोनशे वर्षं लागतील.

दोनशे वर्षांतून एकदा दिसणारी गोष्ट अनुभवानं ओळखता येत नाही. रापणीला बसलेला म्हातारा पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे सांगतो, कारण ते त्यानं हजार वेळा पाहिलेलं असतं. इथे कोणाच्याच गाठीला हजार सोडा, दोन वेळाही नसतात. मग डॉक्टरवर चिडण्यात आणि आशाताईला दोष देण्यात अर्थ नाही. जे क्वचित दिसतं ते हुशारीवर सोडायचं नसतं, त्याला सवय लावावी लागते: प्रत्येक बाळ, प्रत्येक वेळी, ठरलेल्या दिवशी, शंका असो वा नसो. आजार क्वचित आढळतो, हेच प्रत्येक बाळाचे डोळे तपासण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

एवढी घाई कशाला, असंही विचारतात. या घाईचं मूळ डोळ्यात नाही, मेंदूत आहे. आजीच्या मेंदूनं साठ वर्षं पाहिलेलं असतं. तिच्या डोळ्यावर पडदा आला आणि वर्षानं काढला, तरी मेंदूला बघणं येतच असतं. जुन्या पद्धतीत मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट बघायचे आणि तो शब्द आपल्या तोंडात बसला तो बसलाच. आंबा अढीत घालणाऱ्या मुलखाला ही उपमा पटकन पटते. बाळाच्या मेंदूला मात्र बघायला अजून शिकायचं असतं आणि ते शिक्षण पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. नंतर पापणी उघडली, डोळा ठणठणीत होता, तरी पिल्लाला त्या डोळ्यानं दिसेना, कारण मेंदूनं त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकली होती. दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं. बाळाच्या मोतीबिंदूत निसर्ग तीच पापणी शिवून ठेवतो. अढीत पिकत असते ती बाळाची आळशी नजर, आणि ती एकदा पिकली की पुन्हा हिरवी होत नाही.

म्हणून एका डोळ्याला दाट मोतीबिंदू असेल तर जन्मानंतर चार ते सहा आठवड्यांत ऑपरेशन व्हावं असं मानतात, दोन्ही डोळ्यांना असेल तर सहा ते आठ आठवड्यांत. चार आठवड्यांच्याही आधी केलं तर पुढे काचबिंदूचा, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नजर जाण्याचा, धोका वाढतो. एवढी अरुंद खिंड. बुबुळं थरथरायला लागली म्हणजे उशीर झाल्याची पावती. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू तर घरच्यांना कळतही नाही. मूल दुसऱ्या डोळ्यानं खेळतं, हसतं, सगळं करतं. पुढे डोळा तिरळा होतो, त्यावरही आपण ‘चकणा’ म्हणून हसतो आणि विषय संपतो.

आता सहा आठवडे हा आकडा कुठे ऐकल्यासारखा वाटतो का? प्रत्येक आईला तो पाठ असतो. दीड महिन्याचं इंजेक्शन! पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस, पोलिओचे थेंब. वाडीतली एकही बाळंतीण तो दिवस चुकवत नाही. त्याच दिवशी, त्याच टेबलाशेजारी, खोली जरा अंधारी करून बाळाच्या डोळ्यांत ऑप्थॅल्मोस्कोपचा, म्हणजे डोळा तपासायच्या हातातल्या दिव्याचा, प्रकाश टाकायचा. हातभर अंतरावरून पाहिलं की दोन्ही बाहुल्या नारिंगी-तांबूस उजळतात. आपल्या सावळ्या डोळ्यांत ती छटा थोडी मंद असते, पण दोन्हीकडे सारखी असते. एक बाहुली काळी राहिली, पांढरट दिसली किंवा दोन्हींत फरक दिसला, की पुढे पाठवायचं. मिनिटा-दोन मिनिटांचं काम. डोळ्यात औषध नाही, सुई नाही. डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही याच प्रकाशात पांढरा चमकतो, आणि तिथे तर प्रश्न जिवाचा असतो.

खरं तर सहा आठवडेही उशीरच. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची मुदत तोवर संपत आलेली असते. इंग्लंडात ही तपासणी जन्मानंतर ७२ तासांच्या आत एकदा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा होते. आपल्याकडे आता घरी बाळंतपण जवळपास होतच नाही. बाळ दवाखान्यात जन्मतं, दोन-तीन दिवस तिथेच असतं. डिस्चार्जच्या कागदावर वजन लिहितात, रक्तगट लिहितात, कावीळ लिहितात. एक ओळ आणखी लिहायची: उजवा डोळा, डावा डोळा, तांबूस उजेड दिसला, सही. माझ्या नात्यागोत्यातल्या जेवढ्या बाळंतिणींची कार्डं मी मागून मागून पाहिली, त्यांपैकी एकीवरही अशी ओळ सापडली नाही. (कार्ड मागणारा विक्षिप्त माणूस अशी माझी आता ख्याती आहे.)

आरोग्य खात्यातले लोक म्हणतील, हे सगळं आहेच की. बरोबर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आपल्याच कोकणात, पालघरला. जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत नावानिशी आहे. ऑपरेशनचा खर्चही सरकार करतं. पण फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. बाळाच्या डोळ्याचं पंचांग आठवड्यांचं आणि पथकाचं सहा महिन्यांचं. मधला काळ भरून काढायला आशाताईच्या घरभेटी आहेत: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. वेळापत्रक सुरेख आहे, यापेक्षा चांगलं कोणाला सुचणार नाही. पण ती उघड्या डोळ्यांनी बघते. वजनकाटा आणि थर्मामीटर तिच्या पिशवीत आहे, ऑप्थॅल्मोस्कोप नाही. बाहुली पांढरी फटक झाली असेल तेव्हा तिला दिसेल, त्याअलीकडचं दिसणार नाही. योजना नाही म्हणून ओरड करण्यासारखी परिस्थिती नाही. योजना आहे आणि तिच्यात एका दिव्याची उणीव आहे, ही जास्त चीड आणणारी गोष्ट.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. नर्सबाईंना शिकवलं आणि त्यांनी शंकेनं वीस बाळं पुढे पाठवली, त्यात एकोणीस निरोगी निघाली, तर? सावंतवाडीच्या आतल्या गावातून ओल्या बाळंतिणीनं बाळ घेऊन ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, रांगेत बसायचं आणि ‘काही नाही’ ऐकून परत यायचं. हा त्रास खरा आहे, त्याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण त्या एकोणीस आयांचा एक-एक दिवस गेला. विसाव्या बाळाचं काय जातं ते मी वर सांगितलंय. शिवाय हात बसला की खोट्या शंका कमी होतात. दर लसीकरणाला बाळांच्या डोळ्यांत निरोगी तांबूस उजेड पाहणाऱ्या बाईला वेगळा उजेड लगेच खटकतो.

आता एक गोष्ट आमच्याच लोकांना रुचणार नाही. असा विषय निघाला की पहिली मागणी येते: बाळांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आमच्या जिल्ह्यात झालीच पाहिजे. मला ही मागणी चुकीची वाटते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला भूल देणं हे वेगळं शास्त्र आहे. त्याचं भिंग मऊ असतं, भिंगामागचं पातळ आवरण आजीच्या डोळ्यासारखं ठेवून चालत नाही, ते कापून मागचा जेलीसारखा द्रव थोडा काढावा लागतो, नाहीतर महिन्याभरात डोळा पुन्हा गढूळ होतो. हा हात वर्षाला पाच-सहा ऑपरेशनं करून टिकत नाही. मुलांच्या डोळ्यांचं असं पूर्ण सज्ज केंद्र एक कोटी लोकसंख्येमागे एक असावं, असा जागतिक पातळीवरचा सल्ला आहे. आपण दोन जिल्हे मिळून पंचवीस लाखही नाही. मुंबई आहे, कोल्हापूर आहे, पुणे आहे. सिंधुदुर्गाची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तर उठसूट जातात. ऑपरेशन लांब झालं तरी चालेल, दिवा मात्र उपकेंद्रात हवा. मागायचं तर आणखी एक मागावं, ऑपरेशननंतरचं. खरी पडझड तिथेच होते.

म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं की काम झालं. बाळाचं ऑपरेशन झालं की काम सुरू होतं. भिंग काढलेल्या तान्ह्याला वीस नंबरच्या आसपास, कधी त्याहूनही जाड चष्मा लागतो. मूल वाढतं तसा नंबर बदलतो, काही महिन्यांनी पुन्हा नवी काच. एकाच डोळ्याचं ऑपरेशन असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लावायचं. मूल रडतं, पट्टी ओढतं, शेजारीण म्हणते कशाला छळतेस लेकराला. डोळ्याचा दाब दर काही महिन्यांनी मोजायचा, कारण काचबिंदू वर्षानुवर्षांनीही उपटू शकतो. ‘आजीला बसवलं तसं भिंग ह्यालाही बसवा ना’ असा आग्रह घरचे धरतात. अमेरिकेत एका डोळ्याचा मोतीबिंदू असलेल्या ११४ तान्ह्या बाळांवर हेच तपासलं गेलं. भिंग बसवलेल्या आणि न बसवलेल्या मुलांच्या नजरेत साडेचार वर्षांनी फरक आढळला नाही, उलट भिंग बसवलेल्यांना पुन्हा टेबलावर जास्त वेळा जावं लागलं. म्हणजे पहिली एक-दोन वर्षं तरी बऱ्याच बाळांचा आधार चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सच.

ऑपरेशन फुकट असतं, पण तिसऱ्या वर्षीचा चष्मा, कोल्हापूरला जायचं एसटीभाडं, बाजूला पडलेली काजू-बियांची मजुरी आणि ‘आता काय, झालंय की ऑपरेशन’ म्हणणारं घर, हे सगळं आईच्या पदरात. पावसात घाट बंद, तारीख हुकली, ती हुकलीच. नंबर तपासणं, दाब मोजणं, चष्मा देणं हे काम जिल्हा रुग्णालयात आणि हळूहळू उपजिल्हा रुग्णालयात व्हायला काय अडचण आहे? इथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत, नंबर काढणारे आहेत. कापाकापी करणारा एक हात दूर असू दे, दर तिमाहीचा हात जवळ पाहिजे.

मुलींचंही बोललं पाहिजे. आजार मुलगा-मुलगी बघत नाही, पण आपल्यासारख्या देशांत ऑपरेशनला आणलेल्या मुलांमध्ये मुली कमी भरतात, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बायकांची संख्या पुरुषांहून जास्त असलेले जिल्हे म्हणून आपण छाती फुगवतो. ती संख्या आहे पुरुष मुंबईत असल्यामुळे, त्यात आपलं कर्तृत्व नाही.

काही मोतीबिंदू टळूही शकतात. १९४१ साली सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञानं ७८ बाळांची माहिती मांडली. त्यांतल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणी, बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या महिन्यांत, रुबेला होऊन गेला होता. आईला जरा ताप, अंगावर पुरळ, चार दिवसांत बरी. पोटातल्या बाळाचे मात्र डोळे, कान आणि हृदय धोक्यात. गोव्यात २०१७ मध्ये आणि आपल्याकडे २७ नोव्हेंबर २०१८ पासून शाळाशाळांत गोवर-रुबेलाची लस दिली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं होतं ते आठवतं? मुलांना त्या दिवशी घरी ठेवणारे शिकलेले आईबाप मी पाहिलेत. नऊ महिन्यांनंतरच्या आणि दीड वर्षाच्या सुमाराच्या डोसात ती लस आता नेहमीची झाली आहे. सगळे मोतीबिंदू तिनं थांबणार नाहीत. काही आनुवंशिक असतात, कित्येकांचं कारण सापडतच नाही.

वाडीतली ती आजी आता सत्तरीच्या पुढे आहे. तिचा स्वतःचा मोतीबिंदू गेल्या वर्षी शिबिरात निघाला. कोणाकडे बाळंतीण आली की ती बघायला जाते, दृष्ट काढते, हातावर दहाची नोट ठेवते. बाळाला घेण्याआधी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवते, वाजू नयेत म्हणून. मग तोंडातून शब्द न काढता बाळाच्या चेहऱ्यासमोर आपला चेहरा नेते, आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि त्याची नजर मागे मागे येते का, ते बघत बसते.